ज्वालामुखीवरचा वाटाड्या

सोलापुरात बर्फाचा विषय काढला की माणसाला आधी गोळेवाल्याची गाडी आठवते, आणि त्यात कोणाचे काही चुकत नाही. ज्या गावात चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जाऊन बसतो, त्या गावाने डोंगर झाकून टाकणाऱ्या बर्फाशी ओळख तरी कशी ठेवावी? तरीही, वाचकहो, आज तुम्हांला बर्फातच न्यायचे आहे; आणि तेही साध्या डोंगरावरच्या नव्हे, ज्वालामुखीवरच्या. हिवाळ्यात पांढऱ्याशुभ्र झालेल्या ज्वालामुखीवर पायांना लांब फळ्या बांधून चढायचे आणि त्याच फळ्यांवरून घसरत खाली यायचे, असा एक छंद जगात आहे. तो नवशिक्यांचा नव्हे. त्यात चांगले मुरलेले लोक पैसे मोजून एक वाटाड्या बरोबर घेतात आणि मगच डोंगराला पाय लावतात. मुरलेल्या माणसाला वाटाड्या कशाला, असे तुमच्या मनात येईल. या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे, आणि तो सगळाच काही सुखाचा नाही.

बर्फाशी आपली ओळख नसली, तरी ज्वालामुखीशी आहे. अगदी रोजची आहे. भुईकोट किल्ल्याचा काळा दगड पाहा. तो थिजलेला लाव्हा आहे. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या काळ्या रानात पिकते, ते रान त्याच दगडाच्या झिजेतून झालेले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनची भूमी ठिकठिकाणी उलली, त्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत आला आणि थरावर थर बसत गेले. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापला आहे. शंकूसारखा उभा डोंगर मात्र आपल्याकडे झाला नाही. चित्रात पाहतो तसा धूर ओकणारा सुळका सोलापूरकराला कधी दिसला नाही, तो त्यामुळे. भूगर्भशास्त्रज्ञ या थरांना ‘ट्रॅप’ म्हणतात. सह्याद्रीचे कडे दुरून जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात ना, त्यावरूनच हे नाव पडले. स्वीडनच्या भाषेत जिन्याला असाच शब्द आहे. आणि मौज अशी की, ‘स्की’ हा शब्दही त्याच उत्तरेकडच्या मुलखातला. त्याचा मूळ अर्थ चिरलेले लाकूड. म्हणजे आपल्या पायाखालच्या दगडाचे शास्त्रीय नाव आणि नॉर्वेकराच्या पायाखालच्या फळीचे नाव एकाच घराण्यातून आले.

आता ही फळी चालते कशी, ते थोडक्यात सांगतो. मऊ बर्फात नुसता पाय टाकला की माणूस कमरेपर्यंत रुततो. लांब फळीवर त्याचे वजन पसरते आणि तो वर राहतो. उताराला फळी आपोआप घसरते. पण चढाला काय करायचे? तर फळीच्या पोटाला केसाळ पट्टी लावायची. पूर्वी ही पट्टी सील नावाच्या समुद्रप्राण्याच्या कातड्याची असे, आता मोहेर लोकर किंवा नायलॉनची असते. केस मागच्या बाजूला लवलेले असतात, त्यामुळे फळी पुढे सरकते, मागे येत नाही. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवून पाहा, म्हणजे कळेल. चढताना टाच मोकळी ठेवायची, माथ्यावर पोचले की पट्टी काढून पिशवीत घालायची, टाच घट्ट अडकवायची आणि निघायचे. पाच तास चढावे आणि तासाभरात उतरावे, असा हा व्यवहार. आतबट्ट्याचा म्हणा हवा तर. पण ज्यांना त्याची गोडी लागते त्यांना ती सुटत नाही.

साधा डोंगर आणि ज्वालामुखी यांत मात्र फरक आहे, आणि वाटाड्याची गरज तिथेच पडते. हिमालयासारख्या डोंगराला सोंडा असतात, नळ्या असतात. खाली उतरणारा माणूस एका दरीत शिरला की दरीच त्याला खाली नेते. शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीचे तसे नाही. उघडी छत्री डोळ्यांसमोर आणा. टोकापाशी सगळ्या काड्या जवळजवळ असतात, कडेला आल्या की दोन काड्यांत वीतभर अंतर पडते. माथ्यावर धुक्यात दिशा दहा अंशांनी चुकली, तर पाच किलोमीटर उतरेपर्यंत माणूस आपल्या मुक्कामापासून जवळजवळ नऊशे मीटर बाजूला गेलेला असतो. आणि पुन्हा वर चढायचे त्राण त्याच्यात नसते. त्यातून असे डोंगर बहुधा एकटे उभे असतात, म्हणून ढग त्यांच्याच डोक्यावर टोपीसारखे बसतात. होकायंत्र काढावे, तर या खडकांत लोहचुंबकी खनिज असते, आणि काही जागी सुई चळते. आपल्या दख्खनच्या दगडातही ते आहे. शिवाय पोटातली आग. बर्फाखालून कोठेतरी वाफ निघत असते, ती आतून बर्फ वितळवून पोकळी करते आणि वर पातळ छप्पर तेवढे उरते. वरून पाहणाऱ्याला ते सपाट मैदानच वाटते. अशा खळग्यांत जड विषारी वायू साचून राहतो. तो दिसत नाही, पुष्कळदा त्याला वासही नसतो.

ही माहिती नकाशात पुरी सापडत नाही. ती त्या डोंगराच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाच्या पायांत असते. त्या माणसाला आपल्या भाषेत फार चांगला शब्द आहे: वाटाड्या. हा शब्द पुस्तकी नाही, घाटवाटांतून आलेला आहे. १६६१ साली कारतलबखान कोकणात उतरण्यासाठी उंबरखिंडीत शिरला, तेव्हा त्याच्याजवळ फौज होती, शस्त्रे होती, बरोबर रायबागनसारखी शूर सरदारीण होती. नव्हते ते एकच. कोणती वाट कोठे अरुंद होते आणि कोठून बंद होते, हे ज्ञान शिवाजीमहाराजांच्या मावळ्यांकडे होते. खानाला हत्यारे आणि सामान टाकून सुटका करून घ्यावी लागली. तो डोंगरही ज्वालामुखीच्याच दगडाचा. फक्त त्यावर बर्फ नव्हता.

बर्फाची गोष्ट घडली जपानात, १९०२ सालच्या जानेवारीत. आपल्याकडे गड्ड्याची यात्रा उलगडत असते, तेच दिवस. जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी नावाचे शहर आहे. त्याच्या पाठीशी हाक्कोदा हा ज्वालामुखींचा समूह. उंची विचाराल, तर सर्वांत उंच शिखर सुमारे १५८५ मीटर. आपल्या कळसूबाईहूनही ठेंगणे. पण सैबेरियाकडून येणारे वारे समुद्रावरून ओलावा उचलून या डोंगरांवर आपटतात आणि इतका बर्फ टाकतात की, जगात जिथे माणसे राहतात अशा फार थोड्या जागी तेवढा पडत असेल. हाक्कोदाच्या कुशीतल्या सुकायू या गरम पाण्याच्या झऱ्यापाशी २०१३ साली ५६६ सेंटीमीटर खोल बर्फ मोजला गेला. साडेपाच मीटरांहून जास्त. दुमजली घर त्यात झाकून जाईल.

त्या वेळी रशियाशी युद्ध होणार, हे जपानी सेनेला दिसत होते. शत्रूच्या आरमाराने किनाऱ्यावरची रेल्वे तोडली, तर हिवाळ्यात डोंगरातून रसद नेता येईल का, ते पाहण्यासाठी दोन पलटणींनी दोन दिशांनी हाक्कोदा ओलांडण्याची कवायत करायची ठरवली. २३ जानेवारीला आओमोरीच्या पाचव्या पलटणीचे २१० लोक निघाले. पुढारी कॅप्टन कान्नारी. त्यांच्याबरोबर त्यांचे वरिष्ठ मेजर यामागुची. जायचे होते ताशिरो या गरम झऱ्याच्या गावापर्यंत, सुमारे वीस किलोमीटर. एका रात्रीचा प्रश्न! जड सामान घसरगाड्यांवर लादले होते. शिपाई बरेचसे दक्षिणेकडच्या इवाते प्रांतातले. एवढ्या खोल बर्फाची त्यांना सवय नव्हती.

वाटेत तामोगिनो नावाचे खेडे लागले. गावकऱ्यांनी सांगितले की, हवा बिघडणार आहे, पुढे जाऊ नका. जाणारच असाल तर आमच्यापैकी कोणाला वाट दाखवायला घ्या. सैन्याने उत्तर दिले की, आमच्याजवळ नकाशा आहे, होकायंत्र आहे. पैशाच्या लोभाने हे लोक गळ्यात पडतात, असेही अधिकाऱ्यांना वाटले असे म्हणतात. आता हे वाक्य आपल्याला काही नवे आहे का? बाहेरगावच्या साहेबाला गावातला माणूस काही सांगायला गेला की, पहिला संशय हाच येतो.

पुढची हकीकत फार वाईट आहे, म्हणून भराभर सांगतो. दुपारनंतर वादळ आले. घसरगाड्या बर्फात रुतून बसल्या. ताशिरो अगदी जवळ होते, पण ते कोणालाच सापडेना. बर्फात खड्डे करून लोकांनी रात्र काढली आणि उजाडायच्या आत परत फिरायचे ठरले; मग अंधारात वाट चुकली. कोणी म्हणाले ताशिरोची वाट सापडली, की सगळे तिकडे वळत. ती खोटी निघाली की पुन्हा मागे. ज्यांची बोटे गारठली त्यांना कपड्याचे बटणही सोडवेना. २५ जानेवारीला होक्काइदो बेटावरच्या आसाहिकावा शहरात पारा शून्याखाली ४१ अंशांपर्यंत उतरला. जपानात नोंदलेली ती सर्वांत कडक थंडी. त्याच शीतलाटेत हे लोक उघड्यावर भटकत होते. २७ तारखेला शोध घेणाऱ्या तुकडीला गोतो नावाचा एक कॉर्पोरल कमरेपर्यंत बर्फात उभाच्या उभा सापडला. जिवंत होता. त्याच्या तोंडून कळले, तेव्हा जगाला कळले. २१० पैकी १९९ मेले.

आता दुसरी पलटण. हिरोसाकीच्या एकतिसाव्या पलटणीची अडतीस जणांची तुकडी कॅप्टन फुकुशिमा यांच्या हाताखाली २० जानेवारीला विरुद्ध बाजूने निघाली होती. तिचा रस्ता कितीतरी लांबचा, दोनशे किलोमीटरांहून अधिक. पण फुकुशिमांनी सामान थोडे घेतले, मुक्काम आणि जेवण वाटेवरच्या खेड्यांत ठरवले, आणि प्रत्येक टप्प्याला त्या-त्या गावचे वाटाडे घेतले. शेवटच्या, म्हणजे ताशिरोच्या टप्प्याला सात गावकरी बरोबर होते. तेच पुढे राहून बर्फ तुडवीत, मागून सैनिक येत. वादळ तेच, थंडी तीच. एकही सैनिक दगावला नाही. त्या सातांचे काय झाले ते मागाहून सांगतो. कारण तो भाग बरीच वर्षे कोणी बोलतच नव्हते.

या दुर्घटनेने जपान हादरला. पाठोपाठ रशियाशी युद्ध झाले, १९०५ साली जपान जिंकला आणि त्या विजयाचा आनंद आपल्या देशातही घरोघर झाला. जिंकलेल्या सेनेचा अभ्यास करायला युरोपातून अधिकारी येऊ लागले. त्यांत ऑस्ट्रियाचे मेजर थिओडोर फॉन लेर्ख होते. आल्प्सच्या उतारांवर स्की शिकवण्याची पद्धत मातिआस झडार्स्की या गृहस्थांनी बसवली होती. लेर्ख त्यांचे शिष्य. लेर्ख आले ते शिकायला, पण शिकवायला लागले. १२ जानेवारी १९११ रोजी ताकादा येथे त्यांनी जपानी अधिकाऱ्यांना स्कीचा पहिला धडा दिला. तिथले सेनापती नागाओका म्हणजे मोठी वल्ली. मिशा इतक्या लांब की, दोन्ही बाजूंना विमानाच्या पंख्यासारख्या दिसत. बर्फात सैनिक कसे मरतात ते देशाने पाहिले होते, म्हणून त्यांनी या परदेशी माणसाला मोकळा हात दिला. लेर्ख एकच लांब काठी वापरायला शिकवीत. पुढे दोन काठ्यांची नॉर्वेची पद्धत रूढ झाली.

आणि मग आमचा विषय आलाच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लेर्ख स्की घेऊन फुजीवर गेले. ३७७६ मीटर उंचीचा, जपानी माणसाच्या मनात देवासारखा असलेला ज्वालामुखी. वसंतातल्या फुजीवर बर्फ नसतो, काच असते असे म्हणायला हरकत नाही. दिवसा वितळते, रात्री गोठते, वाऱ्याने घासून गुळगुळीत होते. दुसऱ्या वर्षी त्यांची बदली आसाहिकावाला झाली, आणि १९१२ च्या एप्रिलमध्ये ते होक्काइदोच्या योतेई पर्वतावर स्कीने चढले. योतेई १८९८ मीटर. अगदी फुजीची प्रतिकृती, म्हणून त्याला त्या बेटावरचा फुजी म्हणतात. आज जगभरचे कसलेले स्कीवाले ज्या ज्वालामुखींसाठी जपानला जातात, त्यांत योतेईचे नाव पहिल्या काहींत असते. त्याच १९१२ साली आफ्रिकेत वाल्टर फुर्टवेंगलर आणि सिगफ्रीड कोनिग या दोघा जर्मनांनी ५८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोवर स्की नेल्या. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ बर्फावरून घसरणे, ही कल्पनाच कोणाला आधी सुचली नव्हती. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९४८ साली सेनेने गुलमर्गला स्की शाळा काढली. पण हिमालय ज्वालामुखी नव्हे, आणि आपला एकुलता एक जागता ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रात आहे, जिथे बर्फ पडायचे नाव नाही. तेव्हा भारतीय माणसाला हा छंद करायचा तर परदेशीच जावे लागते.

लेर्ख यांचे नाव जपानने जपले. पुतळे उभारले, स्मारके केली. किलिमांजारोच्या पहिल्या चढाईचे मानकरी म्हणून १८८९ सालचे हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर ही नावे शाळेच्या पुस्तकांत गेली. त्या चढाईची शताब्दी १९८९ साली झाली, तेव्हा कोठे योहानी किन्याला लाउवो या तिथल्या चागा जमातीच्या वृद्ध गृहस्थांना त्या चढाईतले वाटाडे म्हणून मान मिळाला. कॉकेशस पर्वतातल्या एल्ब्रूसचेही तेच. एल्ब्रूस निद्रिस्त ज्वालामुखी आहे, ५६४२ मीटर, युरोपातले सर्वांत उंच शिखर. १८२९ साली रशियाचा सेनापती इमॅन्युएल विद्वानांचा लवाजमा घेऊन पायथ्याशी तळ देऊन बसला. विद्वान मंडळी अर्ध्या वाटेवरून थकून परतली, आणि पूर्वेच्या शिखरावर पोचला तो किलार नावाचा तिथला डोंगरवासी वाटाड्या. सेनापती दुर्बिणीतून पाहत होता म्हणून, नाहीतर कोणी विश्वासही ठेवला नसता. आपल्या सोलापूरचे आनंद बनसोडे, ज्यांनी २०१२ साली एव्हरेस्ट गाठले, तेही पुढे या एल्ब्रूसवर जाऊन आले. तेव्हा हा डोंगर आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही.

वाटाड्याचे नाव विसरले जाते, हा अन्याय झालाच. पण माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. परत फिरायचे की नाही, हे ठरवणार कोण? पैसे देणारा की वाट जाणणारा? आल्प्समध्ये हा प्रश्न फार महागात सुटला. १८२० साली रशियाच्या सेवेतले डॉक्टर हामेल शास्त्रीय प्रयोगांसाठी मॉं ब्लांवर निघाले. हवा खराब होती, ताजा बर्फ पडला होता. वाटाडे कुरकुरले, परंतु साहेबांना माघार पसंत नव्हती. वर बर्फाचा लोट सुटला आणि तीन वाटाडे खोल भेगेत गाडले गेले. डॉक्टर वाचले. दुसऱ्याच वर्षी, १८२१ साली, शामोनी गावच्या वाटाड्यांनी आपली संघटना बांधली; ती आजही चालू आहे. त्या तिघांचे अवशेष हिमनदीने हळूहळू वाहून आणले आणि १८६१ साली, एकेचाळीस वर्षांनी, खाली दरीत उघडे पडले. ज्यांनी त्यांना जिवंत पाहिले होते असे काही लोक तेव्हा हयात होते.

पुढे निरनिराळ्या देशांतल्या वाटाड्यांनी १९६५ साली आंतरराष्ट्रीय संघटना केली, शिक्षणाचे नियम केले. आता या धंद्यात शिरायला बरीच वर्षे घालवावी लागतात: कड्यावर चढणे, बर्फावर स्की चालवणे, बर्फात खड्डा खणून थर वाचणे, जखमीला खाली आणणे. बर्फाचे थर वाचणे म्हणजे काय, हे सोलापूरकराला विहिरीवरून समजेल. विहीर खणताना माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे थर लागतात आणि कोणता थर ढासळेल हे जुना विहीरवाला हाताने चाचपून सांगतो. वाटाड्या बर्फात तेच करतो. खालचा थर साखरेसारखा भुसभुशीत आणि वर वाऱ्याने थापलेला कडक पापुद्रा, असे दिसले की तो त्या उतारावर कोणाला पाऊल टाकू देत नाही.

मग मुरलेल्या माणसाला वाटाड्या कशाला? उत्तर आता तुम्हीच द्याल. नवशिका आखलेल्या उतारावरच राहतो. तिथे दोर असतात, पाट्या असतात, रखवालदार असतात. हाक्कोदावर १९६८ साली पाळण्याचा दोरमार्ग झाला, तेव्हापासून कोणीही तिकीट काढून वर जातो. धोक्यात जातो तो ज्याला घसरता छान येते. कारण त्याला आखलेला उतार पुरत नाही, त्याला कोरा बर्फ हवा असतो. हाक्कोदाच्या माथ्यावर हिवाळ्यात झाडांवर बर्फ थापला जाऊन त्यांची पांढरी भुते होतात; रांगेने उभी, एकसारखी दिसणारी. ढग आला की त्या भुतांतून खाली येणाऱ्या चार घळी चार दिशांना जातात, आणि पाय कितीही तयार असले तरी कोणती घळ मुक्कामाला जाते हे पायांना माहीत नसते. मुरलेला माणूस फसतो तो आपल्या पायांवर विश्वास ठेवून.

म्हणून वाटाड्या घेतला की सगळे निभावले, असेही नाही. हे सांगितले पाहिजे. २००७ सालच्या १४ फेब्रुवारीला याच हाक्कोदावर वाटाड्यांबरोबर निघालेल्या स्कीवाल्यांवर बर्फाचा लोट आला आणि दोघे गेले. १९९७ साली ताशिरोच्याच पठारावर कवायत करणारे जपानी संरक्षण दलाचे तीन जवान एका खळग्यात साचलेल्या वायूने गुदमरून मेले. तो उन्हाळा होता, बर्फाचा संबंधही नव्हता. आणि २०१८ च्या २३ जानेवारीला कुसात्सु-शिराने या ज्वालामुखीने कमालच केली. शास्त्रज्ञ डोळ्यांत तेल घालून एका मुखावर नजर ठेवून होते, आणि स्फोट झाला शेजारच्या, शांत समजल्या गेलेल्या भागातून. खाली स्कीचे मैदान भरलेले. स्कीचे शिक्षण घेणाऱ्या जवानांवर दगडांचा वर्षाव झाला, त्यात एक ठार झाला. तारीख पाहिलीत का? २३ जानेवारी. बरोबर ११६ वर्षांपूर्वी याच दिवशी आओमोरीची पलटण निघाली होती. यात योगायोगापलीकडे काही नाही. पण जपानी वाचकाच्या मनात ती तारीख टोचल्याशिवाय राहिली नसेल.

असो. त्या सात वाटाड्यांचे सांगायचे राहिले होते.

ताशिरोचा टप्पा त्यांनी रात्रभर बर्फ तुडवीत पार केला. वाटेत त्यांना आओमोरीच्या पलटणीची चिन्हे दिसली. गोठलेली माणसे आणि बर्फातून वर आलेल्या बंदुका. वस्ती टप्प्यात आल्यावर कॅप्टन फुकुशिमांनी त्यांना तिथेच सोडले. थोडे पैसे हातावर ठेवले आणि वाटेत जे पाहिलेत त्याविषयी कोणाजवळ अवाक्षर काढू नका, अशी ताकीद दिली. तुकडी पुढे निघून गेली. सातही जण थंडीने फुटलेल्या हातापायांनी आपापल्या गावी परतले. त्यांतल्या काहींना ती दुखणी पुढे भोवली. तुकडीच्या यशाच्या बातम्या छापून आल्या, त्यांत त्यांचे नाव नव्हते, आणि त्यांनीही तोंड उघडले नाही. सैन्याचा हुकूम होता ना. गोतोचा पुतळा १९०६ साली हाक्कोदाच्या रस्त्यावर उभा राहिला, बंदुकीवर हात टेकून आओमोरीकडे पाहणारा. आजही प्रवासी तिथे थांबतात. या घटनेवर पुढे कादंबरी आली, १९७७ साली गाजलेला चित्रपट निघाला. सात जणांची हकीकत मात्र कित्येक वर्षांनी गावकऱ्यांच्या तोंडून हळूहळू बाहेर आली, आणि त्यांच्या नावांचा दगड त्यांच्याच मुलखात बसवला गेला.